‘सिझ्वे बान्झी’ पुन्हा उभं करताना: रंगभूषा, पासबुक आणि पहिला अर्धा तास

प्रश्न थोडक्यात असा. एका हौशी संस्थेला अ‍ॅथल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्चोना यांचं, वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेत घडणारं ‘सिझ्वे बान्झी इज डेड’ हे नाटक मराठीत करायचं आहे. दोन नट ठरलेत, दीडशे खुर्च्यांची छोटी जागा मिळते आहे. दिग्दर्शकाच्या शंका तीन. नटांनी चेहऱ्याला काळा रंग लावायचा का? गोष्ट जातीवर आणून इथलीच करून टाकावी का? आणि तिथल्या आफ्रिकन लोकांना पास बाळगायला लावणारे पास कायदे १९८६ मध्येच रद्द झाले, मग आजच्या प्रेक्षकाला हे लागणार कसं?

तिन्ही शंकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: या नाटकात वर्णभेद रंगमंचावर नेमका दिसतो कुठे? गोष्ट एवढीच: शहरात राहायचा परवाना नसलेला सिझ्वे मित्र बुंटूच्या सल्ल्याने एका मेलेल्या माणसाचं पासबुक (ओळखीचं आणि परवान्याचं पुस्तक) घेऊन जगतो, आणि स्टाइल्स या फोटोग्राफरकडे फोटो काढायला येतो. संहिता पुन्हा या नजरेने वाचा. अख्ख्या नाटकात एकही गोरं पात्र प्रवेश करत नाही. फोर्ड कारखान्यातला मुकादम ब्रॅडली स्टाइल्सच्या नकलेतून येतो, पोलीस बुंटूच्या नकलेतून येतो, आणि सरकार येतं ते एका छोट्या पुस्तकातल्या शिक्क्यातून. ते पुस्तक कसं चालतं हे प्रेक्षकाला कळलं, तर नाटक आजही उभं राहतं. ते कळलं नाही तर उत्तम अभिनय होऊनही लोक ‘बिचारा’ म्हणत घरी जातात.

त्यामुळे पहिल्या शंकेचं उत्तर लगेच देतो. रंग लावू नका. काळे चेहरे रंगवून गोऱ्यांनी करमणूक करण्याचा इतिहास इतका ओंगळ आहे की हेतू कितीही चांगला असला तरी प्रेक्षकातल्या जाणत्या माणसाचं लक्ष पहिली दहा मिनिटं तुमच्या रंगभूषेवरच राहील. शिवाय गरजही नाही. दोन्ही नट एकाच वर्गातले, एकाच वस्तीतले आहेत. दोघांत रंगाचा फरक दाखवायचाच नाही. कपडे, चाल आणि बोलण्याचा वेग यांतून वस्ती उभी करा. केसांचे टोपही नकोत.

आता ते पुस्तक. १९५२ च्या ज्या कायद्याने ते सक्तीचं झालं त्याच्या नावातच ‘पास रद्द’ असे शब्द होते, हा सरकारी विनोद तालमीच्या पहिल्या दिवशी नटांना जरूर सांगा. आधीचे वेगवेगळे पास जाऊन सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकन माणसासाठी एकच ‘रेफरन्स बुक’ आलं. लोक त्याला ‘डोमपास’ म्हणत. त्यात फोटो आणि ओळख क्रमांक, शहरात राहण्या-काम करण्याची परवानगी, मालकाचं नाव-पत्ता आणि दरमहा सही, कर भरल्याची नोंद, असे विभाग होते. शहरातल्या वास्तव्याच्या कायद्यात त्याच सुमारास झालेल्या दुरुस्तीतलं ‘कलम दहा’ सांगत होतं की शहरात बहात्तर तासांपेक्षा जास्त राहायचं तर तुमचा जन्म तिथला आणि वास्तव्य सलग हवं, किंवा एकाच मालकाकडे सलग दहा वर्षं नोकरी हवी, किंवा पंधरा वर्षं कायदेशीर वास्तव्य हवं, किंवा अशा माणसाची बायको-मुलं असायला हवं. यातलं काहीच नसेल तर परवाना.

सिझ्वे किंग विल्यम्स टाउनचा (आजचं क्वोन्से). पोर्ट एलिझाबेथपासून (आजचं ग्केबेर्हा) सुमारे अडीचशे किलोमीटर. तो या चारांत कुठेच बसत नाही. छापा पडतो, पुस्तकावर परत जाण्याचा शिक्का बसतो, तीन दिवसांची मुदत मिळते. त्याला वाचता येत नाही. शिक्क्यात काय लिहिलंय ते बुंटू त्याला वाचून दाखवतो. पुढे बुंटू जो फेरा समजावतो तो नाटकाचा कणा आहे. परवान्यासाठी गोऱ्या मालकाचं पत्र हवं, पत्र घेऊन गावच्या कमिशनरकडे जायचं, तिथून पोर्ट एलिझाबेथच्या लेबर ब्युरोला लिहिलं जाणार, आणि परवाना नसलेल्याला मुळात पत्र देणार कोण? बटाटे विकायचे म्हटले तर फेरीवाल्याचा परवाना. हा उतारा नट हळूहळू, दुःखाने म्हणतात आणि तिथेच नाटक बसतं. तो भराभर, रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसा, हिशेबी उत्साहाने म्हणायचा. बुंटूला हे पाठ आहे, कारण त्याच्या वस्तीत प्रत्येकालाच ते पाठ आहे. प्रेक्षक आधी हसतो, मग फेरा बंद झाल्यावर त्याला कळतं की दार कुठेच नव्हतं. घड्याळ लावून बघा: तालमीत हा उतारा तीन मिनिटांच्या वर जात असेल तर वेग कमी पडतोय.

जातीवर आणण्याचा मोह मला समजतो, पण तो टाळावा असं माझं मत आहे, आणि कारण तत्त्वाचं कमी, कथानकाचं जास्त आहे. मेलेल्या रॉबर्ट झ्वेलिन्झिमाच्या पुस्तकातला फोटो काढून तिथे सिझ्वेचा चिकटवला की सिझ्वेला नोकरी, पगार, वास्तव्य सगळं मिळतं, कारण ती व्यवस्था माणसाला केवळ क्रमांकाने ओळखते. जात अशी चालत नाही. ती आडनावात, गावात, सोयरिकीत, शेजाऱ्यांच्या चौकशीत असते. फोटो बदलून ती सुटत नाही. म्हणजे तुम्ही गोष्ट इथे आणलीत की तिचा मधला खिळाच निखळतो, आणि तो सांभाळायला नवे प्रसंग लिहावे लागतात. त्यापेक्षा न्यू ब्रायटन (नाटकातली पोर्ट एलिझाबेथची काळ्या लोकांची वस्ती) न्यू ब्रायटनच राहू द्या. तुलना करायची असेल तर प्रेक्षक स्वतः करेल, आणि तुमच्यापेक्षा चांगली करेल.

खरी जोखीम पहिल्या अर्ध्या तासात आहे. स्टाइल्स फोटो स्टुडिओत वर्तमानपत्र घेऊन बसतो आणि थेट प्रेक्षकांशी बोलायला लागतो. फोर्डमधली नोकरी, मोठे साहेब भेटीला येणार म्हणून झालेली साफसफाई, नोकरी सोडून स्टुडिओ घेणं, झुरळांशी लढाई, मग एकेक गिऱ्हाईक. कानी स्वतः फोर्डच्या कारखान्यात कामाला होते, आणि ही स्वगतं तालमीत सुचत-वाढत गेली, त्यामुळे छापील संहितेतही ती बोलीभाषेसारखी सैल वाटतात. हे सैलपण फसवं आहे. नवखा नट त्यात स्वतःचे विनोद भरतो, स्वगत पंचेचाळीस मिनिटांवर जातं आणि सिझ्वे दारात येईपर्यंत प्रेक्षक थकलेला असतो. दुसरी चूक याच्या उलट: दिग्दर्शक घाबरून निम्मं कापतो, आणि मग शेवटी स्टुडिओत परत आल्यावर त्या जागेबद्दल कुणाला काही वाटत नाही.

उपाय म्हणून स्वगताचे सहा टप्पे पाडा: वर्तमानपत्र, कारखान्याची सफाई, ब्रॅडलीचं भाषण, नोकरी सोडणं, झुरळं, फोटो. प्रत्येक टप्प्याचं शेवटचं वाक्य संहितेबरहुकूम, अक्षरशः पाठ. मधल्या भागात नटाला थोडी मोकळीक. प्रत्येकी चार ते पाच मिनिटं धरली की चोवीस ते तीस मिनिटांत बसतं. तालमीत कुणीतरी घड्याळ घेऊन बसावं आणि रोजचे आकडे लिहावेत. पाच तालमींनंतर कुठला टप्पा फुगतोय ते कागदावर दिसतं.

यातला ब्रॅडलीचा टप्पा भाषांतरात सगळ्यात अवघड. मुकादम आपल्या भाषेत कामगारांना उपदेश करतो आणि स्टाइल्स तो दुभाषा म्हणून सांगताना भलतंच सांगतो. विनोद दोन भाषांमधल्या अंतरात आहे. सगळंच मराठीत केलंत तर तो मरतो. ब्रॅडलीला मोडकं, हुकमी इंग्रजी द्या, वाक्यं चार-पाच शब्दांची ठेवा म्हणजे कुणालाही कळतील, आणि स्टाइल्सचं ‘भाषांतर’ अस्सल कामगारांच्या मराठीत येऊ द्या. ब्रॅडली मोठ्या माणसांना ‘बॉइज’ म्हणतो, ते तसंच ठेवा. पण कोल्हापुरी, वऱ्हाडी, मालवणी असा एखाद्या भागाचा ठसका स्टाइल्सला देऊ नका. मराठी प्रेक्षक लगेच त्याला त्या जिल्ह्यातला करून टाकतो.

अरे-तुरे आणि अहो-जाहो यांचा तक्ता वाचनाच्या आठवड्यातच पक्का करा. माझी शिफारस: स्टाइल्स गिऱ्हाइकाला आधी ‘या, बसा’ म्हणतो आणि फोटो काढता काढता सलगीवर येतो, सिझ्वे बुंटूशी सुरुवातीला ‘तुम्ही’ म्हणतो आणि दारू प्यायल्यानंतर ‘तू’, नकलेतला पोलीस आणि कारकून पहिल्या शब्दापासून ‘ए’. मूळ इंग्रजीत हे दिसत नाही, पण मराठीत ते ठरवलं नाही तर नट रोज वेगळं बोलतात आणि दोघांमधलं नातं डळमळतं.

काळाची उलटापालट प्रकाशाने सोडवावी लागते. सिझ्वे (तेव्हा तो रॉबर्ट म्हणून आलेला असतो) बायको नोवेतूला पत्र बोलून दाखवतो, त्या पत्रातून आपण बुंटूच्या घरी जातो, आणि शेवटी पुन्हा स्टुडिओत. स्टाइल्स आणि बुंटू एकच नट करतो. त्याला कपडे बदलायला विंगेत पाठवू नका. स्टाइल्सचा पांढरा डस्टकोट काढला की बुंटू, घातला की स्टाइल्स, प्रेक्षकांसमोर, दहा सेकंदांत. प्रकाशाच्या तीन अवस्था पुरतात: स्टुडिओ उजळ आणि सपाट, पत्राच्या वेळी सिझ्वेवर एक अरुंद स्पॉट, बुंटूचं घर बाजूने येणारा पिवळसर उजेड. मधे ब्लॅकआउट घेऊ नका. प्रत्येक अंधार प्रेक्षकाला ‘नवा प्रवेश’ असं सांगतो, आणि इथे तर पत्र चालूच असतं.

नेपथ्य किमान ठेवा. मूळ प्रयोग ऑक्टोबर १९७२ मध्ये केप टाउनच्या ‘द स्पेस’ या छोट्या जागेत झाला. दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी २००६ मध्ये हबीब डेम्बेले आणि पिचो वोम्बा कोंगा यांना घेऊन फ्रेंचमध्ये केलेला प्रयोगही मोजक्या सामानावर चालला. एक टेबल, दोन खुर्च्या, तिपाईवरचा कॅमेरा, भिंतीसाठी फोटोंची फळी, आणि ‘भविष्यातलं शहर’ रंगवलेला पडदा. पडद्यावर पैसे खर्च करा, तोही गल्लीतल्या स्टुडिओतल्यासारखा थोडा वेडावाकडा रंगवून घ्या. आठ बाय सहा फूट पुरे. फळीवरचे फोटो तीस-चाळीस हवेत, कृष्णधवल, आणि आंतरजालावरून उचललेले अनोळखी खऱ्या माणसांचे नकोत. संस्थेतल्याच लोकांचे, त्यांच्या संमतीने, पाठमोरे किंवा दूरवरून काढा. दुसऱ्या रांगेपलीकडे चेहरे दिसतच नाहीत.

पासबुकं मात्र नीट करा. कोटाच्या आतल्या खिशात मावेल असा आकार, जाड कापडी बांधणी, आत किमान वीस पानं, त्यातल्या पाच-सहा पानांवर खरोखर लिहिलेल्या नोंदी आणि शिक्के. नट ती पानं उलटतो तेव्हा त्याच्या नजरेला वाचायला काहीतरी हवं, नाहीतर डोळे खोटे पडतात. फोटो बदलण्याची कृती प्रेक्षकांसमोर होते, म्हणून डिंक वापरू नका: ओला राहतो, बोटांना लागतो, पुढच्या प्रसंगात पानं चिकटतात. कोपऱ्यांना दुहेरी टेप लावलेले फोटो आधीच तयार ठेवा, खाली गुळगुळीत प्लॅस्टिकचा तुकडा बसवा म्हणजे पान न फाटता फोटो निघतो. दोन्ही पुस्तकांची एकेक जादा प्रत विंगेत असावी. हे दृश्य मोठ्या पडद्यावर कॅमेऱ्याने दाखवावं असं कुणीतरी सुचवेलच. नको. प्रेक्षकाने सिझ्वेच्या चेहऱ्याकडे बघायचं असतं, पानाकडे नाही.

सिगारेट आणि पाइप यांबद्दल. सिझ्वे फोटोत एका हातात सिगारेट आणि दुसऱ्या हातात पाइप घेऊन बसतो. या नाटकाची सुरुवातच अशा एका फोटोवरून सुचली होती: उत्तम सूट घातलेला, दोन्ही हातांत धूम्रपान आणि चेहऱ्यावर प्रचंड हसू. पेटवायचं काहीच नाही. बंदिस्त नाट्यगृहात परवानगी मिळणारही नाही, आणि स्थिर फोटोसाठी गरजही नाही. फ्लॅशसाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरा, प्रेक्षकांच्या डोळ्यांवर थेट येणार नाही असा वळवा, आणि दाराशी झगझगाटाची सूचना लावा.

नव्या क्रमांकाची उजळणी हा दुसरा कसोटीचा प्रसंग. बुंटू पोलीस होतो, पगार वाटणारा कारकून होतो, चर्चमधला उपदेशक होतो, आणि सिझ्वेकडून रॉबर्टचं नाव आणि क्रमांक घोकून घेतो. इथे नट लय पकडतात आणि प्रसंग निव्वळ प्रहसन होतो. प्रत्येक वेळी सिझ्वेच्या चुकीचा प्रकार बदलला पाहिजे: एकदा नाव चुकतं, एकदा क्रमांकाचा क्रम, एकदा सगळं बरोबर येतं पण आवाजात भीती असते, आणि शेवटी अगदी सहज येतं. ते सहज येणं प्रेक्षकाला सगळ्यात जास्त टोचायला हवं. त्यासाठी क्रमांक नटाला वाचनाच्या पहिल्या आठवड्यातच झोपेतून उठून सांगता येईल इतका पाठ हवा. खऱ्या आणि नाटकी चुकांची सरमिसळ झाली की हा प्रसंग सावरता येत नाही.

सिझ्वे प्रेक्षकांसमोर स्वतःचे कपडे ओढत ‘मी माणूस नाही का’ असं विचारतो तो क्षण बहुतेक पुनरुज्जीवनांत ओरडून वाया जातो. तो दारू प्यायलेला आहे, गल्लीत एक प्रेत पडलं आहे आणि मित्र ते तिथेच सोडून निघायला सांगतोय. आवाज चढेलच, पण सुरुवात प्रेक्षकातल्या एका माणसाकडे बघून, खरंच उत्तर हवं असल्यासारखी झाली पाहिजे. हॉलचे दिवे तिथे पंधरा-वीस टक्के वर आणा. कपडे किती काढायचे हे नटाशी आधी बोलून, लिहून ठरवा. प्रयोगात ऐनवेळी बदल नको.

प्रेक्षकाला तयार कसं करायचं यावर दोन रस्ते दिसतात. लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात दिग्दर्शक मॅथ्यू झिया यांच्या प्रयोगात प्रेक्षकांना दारातच गोरे आणि गोरेतर असं वेगळं केलं होतं. तिथे सभागृहात दोन्ही प्रकारचे लोक असतात, म्हणून ते बोचतं. तुमच्या सभागृहात विभागणी कुठल्या निकषावर करणार? चिठ्ठ्या टाकून केलीत तर तो खेळ होतो, दुसऱ्या कुठल्या निकषावर केलीत तर दारातच भांडण होईल. शिवाय स्टाइल्सला पहिल्या मिनिटापासून प्रेक्षकांचा लोभ मिळवायचा असतो. चिडलेल्या लोकांसमोर त्याला तीच दहा मिनिटं वाया घालवावी लागतात. मी दुसरा रस्ता घेईन: तिकिटासोबत पासबुकाच्या पानासारखं छापलेलं एक पत्रक, त्यावर दीडशे शब्दांत रेफरन्स बुक, कलम दहा, बहात्तर तास आणि ते अडीचशे किलोमीटर. एवढं माहीत असलेला प्रेक्षक पुढचं स्वतः जोडतो. पत्रकात भारतीय धागा द्यायचा असेल तर खराच आहे: दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधल्या भारतीयांनी नोंदणीची प्रमाणपत्रं गांधींच्या नेतृत्वाखाली ऑगस्ट १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीबाहेर जाळली होती. एका ओळीत पुरे.

नटांचं वय हा परिस्थितीवर अवलंबून असलेला मुद्दा आहे. कानी आणि न्चोना यांनी हे नाटक तिशीच्या आसपास केलं, १९७५ मध्ये यातल्या आणि याच तिघांच्या ‘द आयलंड’ या दुसऱ्या नाटकातल्या भूमिकांसाठी दोघांनी मिळून टोनी पुरस्कार घेतला, आणि २००६-०७ मध्ये साठी ओलांडल्यावर पुन्हा केलं. तरुण सिझ्वे नोकरी शोधतो, म्हातारा सिझ्वे आठवण सांगतो. दोन्ही चालतं, पण मिश्रण चालत नाही. तुमच्या दोघांत दहा वर्षांहून जास्त अंतर असेल तर मोठ्याला स्टाइल्स-बुंटू द्या. एकाच संध्याकाळी ‘द आयलंड’ जोडण्याचा विचार असेल तर सोडून द्या. त्यातल्या वाळू उपसण्याच्या मूक सुरुवातीला लागणारं शारीरिक बळ दीड-पावणेदोन तासांच्या या नाटकानंतर हौशी नटांत उरत नाही.

मध्यंतर घेऊ नका. नाट्यगृहाच्या कँटीनवाल्याची नाराजी पत्करा. पत्राचा धागा तुटला की परत बांधता येत नाही, आणि हा मुळात दीर्घांकच आहे.

शेवटी कागदपत्रं, कारण उशीर इथेच होतो. प्रयोगाचे हक्क आणि मराठी भाषांतराचे हक्क वेगळे असतात. दोन्ही एकाच अर्जात, लेखी, किती प्रयोग आणि किती खुर्च्या ते सांगून मागा. त्याच पत्रात विचारा की सुरुवातीच्या वर्तमानपत्रात त्या दिवसाच्या बातम्या घालता येतील का. नाटकाच्या मूळ परंपरेत ती मोकळीक होती, पण संहितेत बदल म्हणून हक्कधारक नकारही देऊ शकतो. नकार आला तर छापील मथळेच वाचा, ते तसेही काम करतात. भाषांतर पूर्ण झाल्यावर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे प्रमाणपत्रासाठी द्यावी लागेल. तारीख ठरवून जाहिरात करण्याआधी दोन्ही परवानग्या हातात हव्यात. तालमींसाठी आठवड्याला पाच संध्याकाळ, अडीच तासांच्या, असे आठ आठवडे धरा. त्यातले पहिले दोन फक्त वाचनाला, आणि शेवटचा आठवडा पूर्णपणे खऱ्या पासबुकांसह. नकली वहीवर तालीम केलेला नट प्रयोगात पान शोधत बसतो.